शैलाताईंनी पाळलेला नियम

शैलाताई मोहित्यांना उभ्या आयुष्यात एकच नियम पाळताना मी पाहिलं. तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते, नॉटिंगहॅमच्या एका दुकानात, नाताळच्या गर्दीत. पुढच्याच महिन्यात आम्ही ग्लासगोला राहायला गेलो आणि त्यांची माझी भेट पुन्हा झाली नाही. त्यामुळे शैलाताई म्हटलं की मला त्यांच्या चेहऱ्याआधी त्यांची पाठ आठवते. निळ्या अनोरॅकमधली, त्या टोपीवाल्या जाड जाकिटातली, रुंद, जराशी वाकलेली पाठ. हे असं व्हायला नको होतं, कारण कुणाकडे पाठ फिरवणं हे त्या बाईंच्या स्वभावातच नव्हतं.

आमची ओळख झाली तेव्हा मी एका दिवसाची बाळंतीण होते. आईचा व्हिसा अडकलेला, नवऱ्याची नेमकी त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी ड्युटी, आणि वॉर्डात खायला गार टोस्ट. भेटायला येणाऱ्यांची वेळ संपून गेली होती. मी भिंतीकडे तोंड करून रडत पडले होते. एवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला आणि एक ठेंगणी, भक्कम बाई आत आली. सुती साडी, त्यावर पुरुषी निळा अनोरॅक, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात स्टीलचा डबा. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"तू मीनल ना? काल तुला पाठीत इंजेक्शन दिलं ते आमचे डॉक्टर. घरी येऊन म्हणाले, एक मराठी मुलगी आहे, जवळ कुणी नाही. ऊठ. मऊ भात आहे, गरम आहे तोवर खा."

डॉक्टर मोहिते भूलतज्ज्ञ. पेशंटची गोष्ट घरी बोलायची नसते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण शैलाताईंपुढे त्यांच्या पोटात काही राहत नसे. तेवढ्यात वॉर्डची सिस्टर आली आणि भेटीची वेळ संपल्याचं तिनं अगदी गोड आवाजात सांगितलं. शैलाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माय सिस्टर्स डॉटर!" मग डब्याच्या वरच्या खणातून डिंकाचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. "होल डे यू आर स्टँडिंग. ईट." सिस्टर लाडवाकडे पाहत राहिली, मग पडद्याच्या आत येऊन तिनं तो खाल्ला. शैलाताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बघू काय करतात ते."

हे त्यांचं पालुपद होतं. मनाईच्या दुहेरी पिवळ्या रेघेवर गाडी लावताना, भारतातून येताना साडीच्या घड्यांत कढीलिंबाचं रोप गुंडाळताना, शेजारच्या माणसाचं कुंपणावरून वाकलेलं सफरचंदाचं झाड बिनदिक्कत झोडपताना, दर वेळी तेच: "बघू काय करतात ते." आणि खरं सांगायचं तर कुणी काही करत नसे. एका वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन त्यांनी परवानगी वगैरे न काढता ट्रेंट नदीत करायचं ठरवलं. आम्ही सगळे जीव मुठीत धरून काठावर उभे. व्हायचं तेच झालं, एक तरुण पोलीस आला. मंडळाचे अध्यक्ष हळूच मागे सरकले. शैलाताईंनी पोलिसाला विचारलं, "यू हॅव मदर?" तो गोंधळून हो म्हणाला. "देन होल्ड धिस," असं म्हणून त्यांनी आरतीचं तबक त्याच्या हातात दिलं. आरती संपेपर्यंत तो बिचारा टोपी काखेत धरून ताठ उभा होता. जाताना मोदक घेऊन गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या कधी सॉरी म्हणत नसत. "ह्या लोकांनी घासून घासून गुळगुळीत केलाय तो शब्द," म्हणायच्या. "पायावर पाय पडला तरी सॉरी, आणि माणूस मेला तरी सॉरी. मी चुकले तर दोन पोळ्या जास्त करून घालीन, पण सॉरी म्हणणार नाही."

मला त्यांचा राग यायचा. माझ्या फ्रिजचं दार उघडून आतलं परस्पर टाकून द्यायच्या, फोनवर बोलताना इतक्या ओरडायच्या की रिसीव्हर हातभर लांब धरावा लागे, आणि मुलीला दूध कमी पडतंय हे मला माझ्या सासूसमोर ऐकवायच्या. पण त्या परक्या गावात रडणाऱ्या माणसाच्या पडद्याआड घुसणारी ती एकच बाई होती. आमच्यापैकी प्रत्येकाला त्या कधी ना कधी डबा घेऊन भेटल्या होत्या. म्हणून त्यांचं नियम मोडणं आम्ही कौतुकानं सांगत असू. त्यातून कुणाचं नुकसान होईल असं मनातही आलं नव्हतं.

त्यांचा मुलगा अभिजित शिकायला ग्लासगोला गेला आणि घर रिकामं झालं. दोन हजार चार साल असेल. दवाखान्यात रक्तदाब मोजायला गेल्या असताना त्यांनी तिथल्या बोर्डावर एक सूचना वाचली. गावातली एक छोटीशी संस्था बेलारूसमधल्या एका अनाथालयातली मुलं वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि नाताळात, इकडे सुट्टीला आणायची. त्यांना ठेवून घेणारी घरं हवी होती. शैलाताईंनी घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं, विचारलं नाही.

संस्थेचं काम मार्गारेट नावाच्या एक निवृत्त शिक्षिका बघत. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी नव्या घरांची बैठक घेतली तेव्हा शैलाताईंनी मला सोबतीला नेलं होतं. मार्गारेटबाईंनी एकेक नियम समजावून सांगितला. मुलाला पुन्हा बोलावण्याचं वचन द्यायचं नाही. सोनंनाणं, भारी वस्तू द्यायच्या नाहीत. केस कापण्यापासून दात काढण्यापर्यंत त्याच्या अंगाला काहीही करायचं तर आधी विचारायचं. शैलाताई माझ्या कानाशी लागल्या, "किती ते नियम गं! पोर आणायचीय की बॉम्ब?" मला हसू आवरेना. मार्गारेटबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

नास्त्या आली ती नऊ वर्षांची. तागाच्या रंगाचे केस अगदी बारीक कापलेले, निळसर पातळ कातडी, आणि डोळे असे की समोरच्या माणसाचे हात आधी बघायचे, चेहरा मागून. आई मेलेली, बाप कुणालाच माहीत नव्हता. पहिल्या सकाळी शैलाताई तिला उठवायला गेल्या तर ती अंथरूण घडी घालून पलंगाशेजारी ताठ उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. उशीखाली पावाचे तुकडे निघाले. शैलाताईंनी ते तिथेच ठेवले आणि दुपारी त्यांच्या शेजारी एक पोळी ठेवली, तूप लावून, फडक्यात गुंडाळून. मला सांगताना म्हणाल्या, "पावाची चव तरी बदलेल." आणि मग एकदम उठून भांडी घासायला लागल्या.

भाषेचा प्रश्नच नव्हता, कारण शैलाताई तिच्याशी सरळ मराठीत बोलत. "अगं, बस. अगं, खा. अगं, पाय वर घे, लादी गार आहे." मुलांबरोबर आलेली दुभाषी बाई आठवड्यातून एकदा फोन करायची तेव्हा ह्या तिलाही मराठीतच उत्तर देत. नास्त्या आठवडाभरात वरणभात हातानं कालवायला शिकली. सगळे म्हणतात म्हणून तीही त्यांना ताई म्हणू लागली. डोक्याला तेल लावून घेताना ती डोळे मिटायची. शैलाताई म्हणायच्या, "ह्या पोरीच्या डोक्याला कुणाचा हात लागलेलाच नाही. तेल लावताना मानेचे स्नायू बघ कसे दगडासारखे. हळूहळू सुटतायत."

चार आठवड्यांनी ती गेली तेव्हा दोघींपैकी कुणीही रडलं नाही. नाताळात पुन्हा येईल हे मार्गारेटबाईंनी आधी कळवलं होतं. शैलाताईंनी तोवर एक लाल लोकरीची टोपी विणून ठेवली, कानांवरून खाली येणारी. दत्तक घ्यायची चौकशीही त्यांनी केली होती. नवराबायको दोघं वयानं मोठी होती, आणि तिकडून मुलं बाहेर देत नव्हते. "मग सुट्टीपुरती तर सुट्टीपुरती," त्या म्हणाल्या. "वर्षातून दोनदा का होईना, पोरीला घर आहे." तेव्हापासून त्यांचं सगळं वर्ष त्या दोन सुट्ट्यांना टांगलेलं होतं. आणि तिचंही असणार.

त्या नाताळात नास्त्याचे केस थोडे वाढलेले होते. एके सकाळी शैलाताई आरशासमोर कुड्या घालत होत्या. नास्त्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं आपल्या कानाच्या पाळीला बोट लावलं. शैलाताईंनी विचारलं, "हवंय?" तिनं मान हलवली. इतकंच झालं होतं. पण शैलाताईंच्या मनात ते आधीपासून असावं. मुलीचे भुंडे कान त्यांना पाहवत नसत. माझ्या मुलीच्या वेळीही बारशाच्या आधीपासून त्यांनी माझ्यामागे भुणभुण लावली होती. "आईबाप असते तर कान टोचले असते," त्या म्हणाल्या. "नाहीत म्हणून काय पोर तशीच ठेवायची?"

लेस्टरला त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा गुजराती सोनार होता. सोन्याच्या तारेनं कान टोचून तिथल्या तिथे बाळी वळवून देणारा. आपल्याकडे कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. मामा कुठून आणायचा? डॉक्टर मोहिते बसले. आयुष्यभर एकेक कागद तपासून, सही घेऊन मगच सुई उचलणारा तो माणूस बायकोला एवढंच म्हणाला, "अगं शैला, मार्गारेटला फोन करूया का एकदा?" शैलाताई म्हणाल्या, "करा. ती नाही म्हणेल, मग काय कराल? पोरीला सांगाल, की तुझे कान टोचायला ऑफिसची परवानगी नाही?" डॉक्टरांनी तिला मांडीवर घेतलं. तिनं हूं की चूं केलं नाही. सोनारानं गूळखोबरं तिच्या तोंडात घातलं, आणि डॉक्टरांना म्हणाला, मामानं भाचीला काहीतरी द्यायचं असतं. डॉक्टरांनी बाळ्यांचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा नास्त्या अवनच्या काचेत, किटलीच्या पोटात, चमच्याच्या पाठीवर आपले कान बघत होती. मला बघून धावत आली आणि दोन्ही बाजूंनी मान वळवून दाखवली. तिला असं धावताना मी प्रथमच पाहत होते. कान छान दिसत होते. मी तसं म्हणाले.

अभिजित सुट्टीला घरी आलेला होता. इथे जन्मलेला, उंच, भिडस्त मुलगा. तो जिन्यावरून खाली आला आणि तिथेच थांबला.

"आई, हे तू केला? परमिशन विचारला का कुणाला?"

"कान टोचलेत. नाक नाही कापलं."

"यू कान्ट जस्ट डू दॅट. ती आपला मुलगी नाहीये, आई."

"मग कुणाची आहे?" शैलाताईंनी विचारलं.

अभिजितनं नास्त्याकडे पाहिलं. तो परत वर गेला. शैलाताई माझ्याकडे पाहून हसल्या, पण नेहमीसारखं नाही. "बघू काय करतात ते," म्हणाल्या.

मुलं परत जायच्या दिवशी बस चर्चपुढे उभी होती. बर्फ भुरभुरत होतं. नास्त्यानं लाल टोपी कानांवर घट्ट ओढून घेतली होती, शैलाताईंनीच ओढून दिली होती. मार्गारेटबाईंनी मुलं मोजली, आत बसवली. काचेतून नास्त्यानं टोपीची एक कड किंचित उचलली, बाळी दाखवली आणि पुन्हा झाकली. दोघींचं गुपित. शैलाताई बस वळेपर्यंत हात हलवत होत्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी मार्गारेटबाईंचा फोन आला, घरी येऊन बोलायचं आहे. शैलाताईंनी मला बोलावून घेतलं. चिवडा केला, चहा टाकला. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "कानावरून बोलणार असेल. बोलू दे. चिवडा खाल्ला की उतरेल खाली." मार्गारेटबाई आल्या, कोट न काढता बसल्या. चहाच्या कपाला त्यांनी हात लावला नाही. डॉक्टर समोरच्या खुर्चीत होते.

मार्गारेटबाई अजिबात चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी सावकाश, शाळेत धडा सांगावा तसं सांगितलं. अनाथालयात मुलींच्या झोपायच्या खोल्या मोठ्या असतात. तिथे कुणाकडेच काही नसतं. सोन्याची गोष्ट लपत नाही. नास्त्या टोपी घालून झोपायची, पण एका मोठ्या मुलीला कळलं. बाळी वळवलेली होती, सहज निघणारी नव्हती. तिनं ती ओढली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कुठला कान?"

"उजवा."

"ती झोपेत होती?"

मार्गारेटबाईंनी हो म्हटलं. डॉक्टरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. जन्मभर लोकांना झोपवत आलेला माणूस तो.

पाळी खालपर्यंत फाटली होती. टाके वेळेवर पडले नाहीत, ती तशीच दोन तुकड्यांत भरून आली. ज्या मुलीनं ओढली तिला तिथून हलवलं होतं, कुठे ते मार्गारेटबाईंना ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या बाळीनं एक सोडून दोन पोरी आयुष्यातून उठवल्या. अनाथालयाच्या प्रमुखांनी नास्त्याला परदेशी पाठवणं बंद केलं होतं आणि मोहित्यांच्या घरी कुठलंही मूल ह्यापुढे येणार नव्हतं.

"मला शिक्षा करा," शैलाताई म्हणाल्या. इंग्रजीत म्हणाल्या, आणि इतक्या हळू की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "तिची सुट्टी नका काढू. शी हॅज ओन्ली दॅट."

"आय नो," मार्गारेटबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या की तो नियम तुमच्यासाठी नव्हता, मिसेस मोहिते. तो तिच्यासाठी होता. आम्हीही तो असाच, एका मुलाचं नुकसान झाल्यावर शिकलो.

तेव्हा मी शैलाताईंच्या तोंडून तो शब्द ऐकला. सॉरी. एकदा म्हणाल्या, मग पुन्हा, मग मार्गारेटबाई उठून दारापर्यंत जाईस्तोवर म्हणतच राहिल्या. दार लागल्यावर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मीनल, मी तिला मार्क केलं गं. लुटायला मार्क केलं." चिवडा तसाच पडून होता.

पुढची दोन वर्षं मी एका वेगळ्याच शैलाताई पाहिल्या. मंडळात यायच्या, पोळ्या लाटायच्या, पण कुणाच्या फ्रिजला हात लावत नसत. गाडी पार्किंगमध्ये लावून तिकीट काचेला चिकटवत. कानातल्या कुड्या काढून ठेवल्या त्या पुन्हा घातल्या नाहीत. मंगळसूत्र राहिलं, कान मात्र भुंडे. कुणी विचारलं तर म्हणत, "जड होतात." डॉक्टरांनी लवकर निवृत्ती घेतली. गणपतीचं विसर्जन पुढे नदीऐवजी बादलीत होऊ लागलं, आणि ते सुचवलं शैलाताईंनीच.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. मार्गारेटबाईंकडे त्या जात राहिल्या. दर वेळी हेच विचारायला, की नास्त्याला दुसऱ्या कुणाच्या घरी तरी येता येईल का. शेवटी मार्गारेटबाईंनी तिकडच्या प्रमुखांशी बोलून मार्ग काढला. नवीन घर मिळालं तर मुलगी येईल. अट एकच: मोहित्यांनी तिला भेटायचं नाही, बोलायचं नाही, समोर यायचं नाही. ते झालं तर तिचं येणं कायमचं बंद. तिला सांगितलं होतं की ते लोक दूरच्या गावी राहायला गेले.

नवीन घर शैलाताईंनीच शोधलं. डॉक्टरांच्या थिएटरमधली एक नर्स होती, कॅरन. दोन मोठी मुलं, हसरा नवरा. शैलाताई महिनाभर तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. कॅरन हो म्हणाली तेव्हा ह्यांनी तिला सगळं तोंडी समजावलं, मी ऐकत होते. बीट देऊ नकोस. रात्री जिन्यातला दिवा चालू ठेव. उशीखाली पाव सापडला तर काढू नकोस, आणि त्यावर हसू तर मुळीच नकोस. डोक्यावर हात ठेवायचा तर समोरून ठेव, मागून नको. कॅरनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचारलं, "तुझ्याकडून काही सांगू तिला?" शैलाताईंनी जोरानं मान हलवली. "नो. नथिंग. आय अ‍ॅम गॉन फार अवे."

त्या नाताळात नास्त्या आली. आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर होती. तेवढे दिवस शैलाताई कॅरनच्या बाजूच्या रस्त्यानंसुद्धा गेल्या नाहीत. दूध आणायलाही उलट दिशेला जात.

आम्ही ग्लासगोला जाणार म्हणून मला जाड हातमोजे घेऊन द्यायला त्या मला बाजारात घेऊन गेल्या होत्या. दुकान माणसांनी भरलेलं, कुठेतरी नाताळची गाणी वाजत होती. मी मोजे हातात चढवून बघत होते. एकदम शैलाताईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं तर सरकत्या जिन्यावरून कॅरन खाली येत होती, आणि तिच्या शेजारी नास्त्या. उंच झाली होती. केस पुन्हा बारीक कापलेले. डोक्यावर काहीही नव्हतं. कॅरन तिला काहीतरी सांगत होती आणि ती हसत होती. तोंड उघडं ठेवून, मोकळं हसत होती.

शैलाताईंनी माझं मनगट आणखी आवळलं. त्या एक पाऊल पुढे गेल्या. मला वाटलं, संपलं. आता ह्या हाक मारणार. पोलिसाच्या हातात तबक देणारी, वॉर्डात घुसणारी ती बाई आता अगं म्हणणार आणि पोर धावत येणार, आणि पुन्हा कधीच येणार नाही. माझ्याही घशाशी ती हाक आली होती.

त्यांनी माझं मनगट सोडलं. वळल्या. भिंतीवर लोकरीच्या टोप्या टांगल्या होत्या, त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, अनोरॅकची टोपी डोक्यावर ओढून. दोन्ही हातांनी समोरच्या टोप्या घट्ट धरल्या. त्या दोघी आमच्यापासून हातभर अंतरावरून गेल्या. नास्त्यानं मला पाहिलं, पण ओळखलं नाही. उजवी पाळी मला अगदी जवळून दिसली. मधे चिरलेली, दोन टोकं वेगवेगळी सुकलेली. त्या दोघी दारातून बाहेर पडल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

"गेली का गं?" शैलाताईंनी विचारलं. त्या वळल्या नव्हत्या.

"गेली."

"हसत होती ना? मला ऐकू आलं."

"हो. हसत होती."

मग टोप्यांशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कान कसा आहे?"

"दिसला नाही," मी म्हणाले. "टोपी होती."

"कुठली? लाल?"

"लालच."

त्यांनी हातातल्या टोप्या सोडल्या, एकेक नीट सरळ केली.

"म्हणजे अजून बसते तिला," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता दाराच्या दिशेनं चालू लागल्या.